एकविसावी पायरी

वाकसरीच्या तळ्याला एकवीस दगडी पायऱ्या आहेत आणि तळं कितीही भरलं तरी सगळ्यांत वरची, एकविसावी भिजत नाही. ओढे बांध फोडून वाहू देत, नदीकाठची गावं पाण्यात जाऊ देत, वाकसरीचं पाणी विसाव्या पायरीपर्यंत चढतं आणि तिथं थांबतं. एकदा पाटबंधारे खात्याचे एक साहेब आले होते. त्यांनी पूर्वेच्या बांधातला सांडवा दाखवला आणि जादाचं पाणी त्यातून निघून जातं, यात चमत्कार काही नाही, असं समजावून सांगितलं. गावानं त्यांना पोहे खाऊ घातले, चहा पाजला आणि मान डोलावली. सांडवा कुठं आहे हे वाकसरीच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. तो नेमका त्याच उंचीला का काढला, एवढं मात्र साहेबांनी विचारलं नाही.

सुनीतीनंही ते विचारलं नव्हतं. ती आली होती एका नावासाठी.

बावीस वर्षं ती इंग्लंडातल्या एका खेड्यात राहत होती. गाव कसलं, एक चर्च, एक दुकान आणि बाकी सगळ्या मेंढ्या. शेजारच्या डोरोथीबाईंना आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा होता आणि त्यांचे डोळे अधू झालेले. म्हणून दोन हिवाळे सुनीती त्यांच्यासोबत चर्चच्या गारठलेल्या खोलीत बसून जुन्या नोंदवह्या वाचत होती. कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कुणाशी लागलं, कुणाला कुठं पुरलं. उन्हं पडली की दोघी बाहेर जायच्या आणि थडग्यांवरचं शेवाळ खरवडून अक्षरं लावायच्या. अशा एका दुपारी चहा ओतता ओतता डोरोथीबाईंनी सहज विचारलं, "तुझ्या आजीच्या आईचं नाव काय गं?"

सुनीती मनात मागं मोजत गेली. आईची आई गोदू, तिथपर्यंत ठीक. त्याच्या मागं नुसतं धुकं. परक्या गावातल्या मेलेल्या माणसांच्या सात पिढ्या तिला पाठ होत्या आणि आपल्या रक्ताची एक बाई तिला माहीत नव्हती. तिला लाज वाटली. ती लाज चार दिवसांत ओसरली, पण नाव हवं ही ओढ काही ओसरेना.

आजी गोदू ही वाकसरीच्या बिरांज्यांची लेक. नवव्या वर्षी लग्न होऊन गेली ती पुन्हा माहेरी आलीच नाही. सुनीतीची आईही आता नव्हती, म्हणजे विचारायला कुणी उरलं नव्हतं. सुनीती वाकसरीला येऊन तीन दिवस चावडीत बसली. जुन्या कागदांत आजीचा बाप दौलू बिरांजे सापडला, त्याचा बाप सापडला, विहिरीतला वाटा आणि बांधावरचं आंब्याचं झाडसुद्धा सापडलं. बाई मात्र एकही सापडली नाही. बिरांज्यांच्या घराला कुलूप होतं आणि कुलपालाही गंज चढला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती तळ्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. माघातलं ऊन, पाण्यावर हलकी धूसर वाफ, पलीकडच्या काठावर धुणं आपटल्याचा आवाज जरा उशिरानं पोचत होता. तळाईच्या देवळातून रावजी गुरव काठी टेकत बाहेर आले. वय ऐंशीच्या पुढं, साऱ्या गावाचे मामा.

"ताई, चप्पल काढा," ते म्हणाले. "बसा खुशाल, पर ही पायरी लेकींची हाय."

"मी कुठली इथली लेक, मामा? माझी आजी होती."

"मग लेकीच्या लेकीची लेक. तेवढ्यानं काय पानी बदलतंय व्हय?" मामा तिच्याशेजारी हळूहळू खाली बसले आणि तिचं काम काय ते त्यांनी विचारून घेतलं. चावडीचं नाव निघताच ते तोंडाला उपरणं लावून हसले. "चावडीत गडीमानसं गावत्यात. बाईमानूस गावायचं तर उद्याच्याला ऱ्हावा. उद्या पुनव. हेळवी येतोय."

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारा. तो बैलावर बसून येतो, पायांवर घोंगडी, हातात घंटा. दारात उभा राहून त्या घराचं कूळ मुळापासून सांगतो आणि शेरभर धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. त्या मुलखात तो सगळ्याच गावांना जातो. पण वाकसरीत तो दारोदार फिरत नाही. तळ्यावर येतो आणि या पायरीखाली उभा राहतो. ते का, ते मामांनी त्या दुपारी सांगितलं.

फार मागं, असं सांगतात, इथं ओळीनं चार वर्षं पाऊस पडला नाही. गावानं तळं खणायला घेतलं. पाणी लागेना तसे लोक खोल गेले आणि उतरायला पायऱ्या बसवत गेले. एकवीस पायऱ्या झाल्या, खाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक. पहारी बोथट झाल्या. गुरं गेली, बी-बियाणं पोटात गेलं आणि पाटलानं सांगितलं, की पुनवेला गाव सोडायचं.

तेव्हाच्या गुरवाला दुपारच्या डुलकीत तळाई दिसली म्हणे. ओल्या केसांनी ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "गावात जे सरत नाही ते मला द्या. मी तुम्हांला न सरणारं देईन."

आता दुष्काळात न सरणारं काय असणार? पाटलाकडं बघावं तर कणगीला बुडाशी उंदराची भोकं. वाण्याकडं बघावं तर तो स्वतःच निघायच्या तयारीत. लोकांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं आणि नशिबाला बोल लावत गाठोडी बांधायला घेतली.

त्याच दिवशी भरमाप्पा हेळवी गावात शिरला. त्याच्या बैलाच्या बरगड्या दिसत होत्या आणि बैलामागं त्याची एकुलती लेक नीलव्वा चालत होती. तिचं लग्न लावून दिलं होतं, पण सासरची माणसं दुष्काळात परागंदा झाली, कुणी मागं फिरकलं नाही. मग ती बापाकडं परत आली आणि बापाच्या कामात तिनं एक काम उचललं. हेळव्यानं एक नाव घेतलं, की समोरून कुणीतरी "पुढं?" म्हणावं लागतं. तो हुंकार आला नाही तर पुढचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांची रीत. नीलव्वा हुंकार द्यायची. गावोगाव, दारोदार, वर्षानुवर्षं तिनं "पुढं?" म्हटलं होतं. तिच्या कानांवरून किती कुळं गेली असतील, याची तिच्या बापालाही कल्पना नव्हती.

हेळव्यांची आणखी एक रीत होती. वंश पुरुषाचा सांगायचा. ज्या घरात नुसत्या लेकी, तिथं पोचलं की हेळवी घंटा एकदा वाजवायचा आणि म्हणायचा, "इथं पिढी थांबली." त्या घरची बाई दाराआड पदर तोंडाला लावायची. भरमाप्पानं हे वाक्य हजार दारांत उच्चारलं होतं. त्याचा आवाज कधी हलला नव्हता. माणूस वाईट नव्हता तो, पण रीत ही अशी चीज आहे की चांगल्या माणसाच्या तोंडून वाईट बोलणं सरळ निघून जातं.

गावानं त्याला देवीचा शब्द सांगितला. भरमाप्पा पायरीवर बसला, रिकाम्या झोळीकडं बघत राहिला आणि एकदम हसला. झोळी रिकामी, पोट रिकामं, पण डोकं मात्र काठोकाठ भरलेलं. "न सरणारं माझ्यापाशी हाय की," तो म्हणाला. "नावं! हजारदा सांगितली तरी एक कमी हुईत न्हाई."

लोकांना हुरूप आला. पण कुणाची नावं द्यायची? गावाच्या पिढ्या त्याच्यापाशी ठेव म्हणून होत्या. दुसऱ्याची ठेव देवाला वाहणं त्याला पटेना. मग स्वतःची उरली. नुसतं सांगायचं तर आहे, त्यात जातंय काय, असं त्याला वाटलं. इथंच तो चुकला.

पुनवेच्या सकाळी तो तळाशी उतरला. नीलव्वा काठावर, सगळ्यांत वरच्या पायरीवर उभी राहिली. गाव भोवती जमलं. भरमाप्पानं घंटा वाजवली आणि आपल्या कुळाच्या मूळपुरुषाचं नाव घेतलं.

"पुढं?" नीलव्वा म्हणाली. आणि तिच्याबरोबर खालूनही कुणीतरी म्हटलं. खोल, जड, खडकाच्या आतून आल्यासारखं. खडकाला चीर गेली आणि पाणी वर आलं. पहिली पायरी बुडाली.

भरमाप्पानं दुसरं नाव घेतलं, दुसरी पायरी बुडाली. तिसरं घेतलं, तिसरी. पाण्याबरोबर तोही एकेक पायरी वर सरकत होता. पाचव्या पायरीवर त्यानं सहज मागं वळून मनात मूळपुरुषाचं नाव आठवायला बघितलं. आठवेना. दुसरं आठवून पाहिलं, तेही नाही. जी नावं त्यानं पाण्याला सांगितली होती ती पाण्यानं घेतली होती. त्याच्यापाशी त्यांची सावलीसुद्धा उरली नव्हती.

तो थांबला असता. पण हेळव्याला अर्धा वंश सांगून उठता येत नाही. अर्धं राहिलेलं कूळ माघारी फिरतं, आणि त्याबरोबर ज्याच्यासाठी ते सांगितलं तेही माघारी फिरतं, अशी त्यांची समजूत. भरमाप्पानं डोळे मिटले आणि सांगत राहिला. सिदाप्पा गेला. यल्लाप्पा गेला. ज्यानं मुलखात पहिली घंटा वाजवली तो आजा गेला, ज्याच्या खांद्यावर बसून तो नावं शिकला तो बाप गेला. एकोणीस पायऱ्या बुडाल्या. काठावरची माणसं रडत होती आणि ओंजळी भरभरून पाणी पीत होती, दोन्ही एकदमच. विसाव्या पायरीवर उभं राहून त्यानं स्वतःचं नाव घेतलं. तेही गेलं आणि पाणी विसाव्या पायरीवर चढलं.

आता तो कुणीच नव्हता. त्याला फक्त समोरची लेक ओळखू येत होती.

"पुढं?" पाणी म्हणालं.

रीतीनं त्याच्या ओठांवर वाक्य तयार होतं. इथं पिढी थांबली. हजार दारांत बोललेलं वाक्य. त्यानं घंटा उचलली आणि नीलव्वाकडं पाहिलं. धुळीनं भरलेले पाय, फाटका पदर, सकाळपासून हुंकार देऊन कोरडा पडलेला गळा. हिच्या तोंडावर कसं म्हणू, की तू नाहीसच? त्या क्षणी त्याला त्या हजार दारांमागच्या बायका दिसल्या म्हणे, सगळ्या पदर तोंडाला लावून उभ्या. त्याचा हात खाली आला.

मग तिचं नाव घ्यावं? घेतलं तर तेही जाणार. जगात त्याला ओळखीचं एकच माणूस उरलं होतं. ते दिल्यावर तो कुणाबरोबर चालणार होता?

तो गप्प राहिला. पाण्यानं थोडी वाट बघितली आणि ते बोटभर खाली सरलं.

"सांग की रं बाबा!" काठावरून कुणीतरी ओरडलं. "मागं फिरलं बघ पानी!" पाटलानं हात जोडले. लेकुरवाळ्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या. पाणी आणखी बोटभर सरलं. भरमाप्पाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तोंड काही उघडेना.

तेव्हा नीलव्वा बोलली. उभ्या जन्मात तिनं पाण्याला काय, माणसालाही "पुढं?" याखेरीज दुसरं उत्तर दिलं नव्हतं. एकविसाव्या पायरीवरून ती वाकली आणि म्हणाली,

"पुढं मी हाय. नीलव्वा. भरमाप्पाची लेक, कल्लव्वाच्या पोटची. सांगतेय तुला. देत न्हाई."

कल्लव्वा म्हणजे तिची आई. ते नाव कुठल्याच कुळात नव्हतं, म्हणून पाण्याला ते ठाऊक नव्हतं. ते नवं नाव ऐकायला पाणी वर आलं. विसावी पायरी पुन्हा पुरती बुडाली, भरमाप्पाचे घोटे बुडाले. नीलव्वाच्या पायांच्या बोटांपाशी पाणी पोचलं, हललं आणि तिथंच थांबलं. जे नाव देत नाही म्हणून सांगितलं, त्याला पाण्यानं हात लावला नाही. मागाहून गावानं बांध घातला, तेव्हा सांडवा त्याच उंचीला ठेवला. पाण्याला पुन्हा मोह नको.

लोक नाचत होते, गुरं पाण्यात शिरली होती. भरमाप्पा तसाच उभा होता. त्यानं लेकीचा हात धरला आणि लहान पोराच्या आवाजात विचारलं, "नीले, माझं नाव काय गं?"

आणि नीलव्वानं सांगितलं. नुसतं त्याचं नाही. मूळपुरुषापासून वीसही नावं, एकेक करून, त्याच पायरीवरून. जी रीत तिला मोजत नव्हती त्याच रीतीनं तिला सगळं ऐकवून ठेवलं होतं. पाण्यानं नेलं ते बापाच्या डोक्यातलं. लेकीच्या डोक्यातलं कुणी मागितलंच नव्हतं.

पाण्याच्या बदल्यात तिनं गावाकडं काय मागितलं? धान्य नाही, जमीन नाही. म्हणाली, "आजपास्नं हितं कुळं सांगताना लेक टाळायची न्हाई. आन ती कुणाच्या पोटची, त्ये बी सांगायचं." गावानं तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला.

रावजीमामांनी काठी उचलली. सुनीतीनं मान वर केली तेव्हा उन्हं कलली होती आणि पलीकडचं धुणं केव्हाच संपलं होतं. आपण किती वेळ ऐकत होतो हे तिला सांगता आलं नसतं. तिनं हळूच पायाखालच्या दगडावर हात ठेवला. तो उबदार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेळवी आला. बैल आता टेंपोतून येतो आणि वेशीपाशी उतरवतात. हेळवी मोबाईल बंद करून खिशात टाकतो आणि मग बैलावर बसतो. इरगोंडा त्याचं नाव, नीलव्वाच्याच वंशातला. तळ्याभोवती गाव जमलं होतं. माहेरी आलेल्या लेकी एकविसाव्या पायरीवर ओळीनं उभ्या होत्या, अनवाणी. मामांनी सुनीतीलाही त्यांत उभं केलं.

इरगोंडा खालच्या पायरीवर उतरला, हात जोडून लेकींकडं बघत म्हणाला, "माझं नाव काय गं बायांनो?" दरवर्षी तो असंच विचारतो. लेकींनी एका सुरात सांगायला सुरुवात केली. मूळपुरुषापासून भरमाप्पापर्यंत, मग नीलव्वा, मग तिच्यापासून त्याच्यापर्यंत. सुनीतीला एकही नाव येत नव्हतं. ती नुसती ओठ हलवत राहिली.

मग त्यानं गावाची कुळं घेतली. एकेक घर, एकेक नाव, आणि भोवतीनं सगळ्यांचं "पुढं?" सकाळच्या धुक्यातून ते आवाज येत होते आणि सुनीतीला मधूनच त्या चर्चमधली थंड खोली आठवत होती, डोरोथीबाईंचं वाकलेलं डोकं, ओळीवरून फिरणारं बोट. सकाळ सरत आली तेव्हा बिरांज्यांची पाळी आली. घराला कुलूप असलं म्हणून काय झालं, कुळाला कुलूप नसतं.

"...तुकाराम बिरांजे, त्याचा ल्योक दौलू."

"पुढं?" गाव म्हणालं.

"दौलूची लेक गोदू. बायनाच्या पोटची."

बायना.

सुनीतीनं ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. साधं, चुलीपुढं बसणाऱ्या बाईचं नाव. शंभर वर्षं ते इथं दर माघी पुनवेला मोठ्यानं घेतलं जात होतं आणि ऐकायला घरचं कुणी नव्हतं. तिला हुंदका आवरेना. शेजारच्या अनोळखी लेकीनं तिचा हात धरला.

इरगोंडा मात्र थांबला होता. गोदू नवव्या वर्षी गाव सोडून गेली, त्याच्यापुढं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या वडलांना नव्हतं, आजालाही नव्हतं. बिरांज्यांचं कूळ दर साली इथंच येऊन वाट बघत उभं राहायचं. त्यानं घंटा वाजवली नाही. वर एकविसाव्या पायरीकडं पाहिलं आणि हेळव्यानंच विचारलं,

"पुढं?"

तळं शांत होतं. सुनीतीनं डोळे पुसले.

"गोदूची लेक शालिनी," ती म्हणाली. आवाज पलीकडच्या काठापर्यंत पोचला. "शालिनीची लेक सुनीती. पुढं मी आहे."

"हां," साऱ्या गावानं म्हटलं. इरगोंड्यानं ती दोन नावं त्याच चालीत पुन्हा म्हणून पाहिली, पाठ केली आणि पुढच्या घराकडं वळला.

आजही वाकसरीत माघी पुनवेला बिरांज्यांचं कूळ निघालं, की बायनापासून सुनीतीपर्यंत न थांबता सांगतात. आजही हेळवी लेकींना आपलं नाव विचारतो. आणि आजही पाणी विसाव्या पायरीवर थांबतं, कारण एकविसावीवर कुणीतरी उभं असतं.